थोरलीचा चुडा

आई,

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे पत्र मलाच तुझ्यासमोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग यातलं निम्मंअधिक मी गाळलं असतं. तू नाहीस म्हणून सगळं लिहिता येतंय. गेल्या आठवड्यात पोटातल्या, बाळाभोवतीच्या पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला. तुला जे होतं आणि मला जे आहे, तेच बाळालाही आहे. ठेवायचं की नाही ते सोमवारी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना सांगायचंय. कायद्याने अजून थोडी मुदत आहे, पण जितका उशीर तितका मला त्रास, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याला सांगितलंय. सासूबाईंना रिपोर्ट अजून आलेलाच नाही, असं सांगितलंय. त्या रोज संध्याकाळी विचारतात आणि मी रोज पुण्याच्या लॅबला शिव्या घालते. तिसरं माणूस तू. तुला सांगून काही उपयोग नाही हे मला कळतं, पण या बाबतीत दुसरं कुणी जाणकार माझ्या ओळखीत नाही.

या दुखण्याचं नाव स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम. नाव घेऊन होईपर्यंत पिरंगुटची बस सुटते. तू गेलीस तेव्हा आपल्या घरात त्याला दुसरं नाव होतं. घरात त्याला थोरली म्हणत.

तू आण्णांची दुसरी बायको. पहिली, म्हणजे थोरली, बाळंतपणात गेली, तिचं मूलही गेलं. तुझ्या लग्नात मंगळसूत्राबरोबर तुझ्या गळ्यात तिचा चांदीचा टाक घातला, तिने तुला त्रास देऊ नये म्हणून. सणाला आधी त्या टाकाला नैवेद्य, मग तुझं ताट. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग तू नेसायचीस. मुठ्याच्या खोऱ्यात तेव्हा दुसरेपणाच्या सगळ्याच बायका असं करत होत्या, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. लहानपणी मी एवढंच समजून होते की आपल्या घरात आणखी एक बाई राहते आणि ती फक्त मला दिसत नाही.

आणि तुझा हात. लावणीच्या दिवसांत, नाहीतर दिवसभर उपाशी राबलीस की, आधी तुझ्या ओठांभोवती मुंग्या यायच्या. तू हाताने तोंड चोळायचीस. मग हात वळायचा. बोटं ताठ, टोकं एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत दडलेला, मनगट खाली झुकलेलं. कासार बांगड्या भरताना बाईचा हात दाबून जसा करतो, अगदी तसा. कुणी न धरता तुझा हात तसा व्हायचा आणि तसाच राहायचा. तो हात बांगड्या मागतोय, असं कुणालाही दिसलं असतं. आण्णांच्या थोरल्या भावाची बायको, जिला सगळं घर नानी म्हणायचं, ती दारातूनच ओरडायची, "थोरली चुडा मागतीया! आना गं बांगड्या!" देव्हाऱ्याशेजारी खुंटीला हिरव्या बांगड्या कायम टांगलेल्या असायच्या. नानी त्या तुझ्या हातात सरकवायची. हात आधीच आवळलेला, त्यामुळे त्या सरसर चढायच्या. मग नानी हळदकुंकू लावायची, पाणी पाजायची, आणि थोड्या वेळाने तुझी बोटं एकेक करून सुटायची. "गेली घिऊन," नानी म्हणायची. नानीला मी खूप वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. आता देत नाही. दर वेळी बांगड्या भरल्या आणि दर वेळी हात सुटला. तो आपोआपच सुटणार होता हे तिला कुणी सांगायचं? तिचा उपाय कधी फसलाच नव्हता.

एरवी नानी तुला काय बोलायची ते मी विसरलेले नाही. "हात आखूड, पाय आखूड, काम आखूड." तू बुटकी, गोल तोंडाची, बोटं गिड्डी. भाकरी थापलीस तरी ती बशीएवढी व्हायची आणि आण्णांचे पाहुणे हसायचे. पण ज्या दिवशी थोरली यायची त्या दिवशी तुला कुणी शब्द बोलायचं नाही. पडवीत घोंगडी टाकून तुला बसवायचे. नानी स्वतः चूल सांभाळायची. आण्णा, जे एरवी तुझ्याकडे बघून बोलत नसत, ते उंबऱ्यात बसून विचारायचे, "काय पायजेल का?" तू डोळे मिटून बसलेली असायचीस. मी तुझ्या मांडीला टेकून त्या नव्या बांगड्या मोजत असते आणि तू डोळे न उघडता माझ्या पाठीवरून हात फिरवतेस. तुझ्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू असतं. ते हसू मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग शाळेत परीक्षेचा पेपर लिहिताना माझा हात वळला. पेन बोटांत अडकून राहिलं. गुरुजींनी ते काढायचा प्रयत्न केला तर मी किंचाळले. घरी आणलं तोवर हात सुटला होता, पण माझ्याबरोबर आलेल्या पोरींनी दारातच हात करून दाखवला. नानीने तो पाहिला आणि खुंटीकडे वळली. "आता पोरीकडं आलीया ती," ती म्हणाली. तू चुलीपुढून उठलीस. तू नानीला उलट बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "हिच्याकडं काय म्हनून यील?" तू म्हणालीस. "हिचं लगीन झालंय का? हिला कुटं सवत हाय?" नानीने बांगड्यांकडे नेलेला हात मागे घेतला. तुझा स्वतःचाच चेहरा असा झाला होता, की हे बोलून गेल्यावर तुला त्याचा अर्थ लागला असावा.

दुसऱ्या दिवशी तू मला डॉक्टरकडे नेलंस. घरी माहेरी जाते म्हणून सांगितलंस. पिरंगुटला बस बदलून आपण पौडला गेलो. एस.टी. स्टँडवर तू मला भजी घेऊन दिलीस आणि स्वतः घेतली नाहीस. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, आपल्याकडे फारसं न बघता लिहीत बसलेली. तू मात्र तोंडाने सांगायच्या ऐवजी तुझाच हात तसा करून तिच्या टेबलावर ठेवलास. "पोरीचा असा होतोय," म्हणालीस. तिने लिहिणं थांबवलं. माझ्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला, फुगवला, आणि सोडलाच नाही. नुसती घड्याळाकडे बघत बसली. माझा हात जड झाला, मुंग्या आल्या, आणि तुझ्या डोळ्यांदेखत बोटं ताठ होऊन एकत्र आली, अंगठा आत गेला, मनगट झुकलं. डॉक्टरणीने फुस्सकन हवा सोडली. हात सुटला. तू भिंतीला टेकलीस आणि तिला विचारलंस, "म्हंजी तुमाला बी आनता येतीया व्हय तिला?" ती म्हणाली, "कुणाला?"

रक्तातलं कॅल्शियम उतरलं की असं होतं, तिने सांगितलं. आणखी उतरलं की फिट येते, घसा आवळतो. हे जन्मजात असावं, पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊन तपासा. मग तिने आपल्या दोघींना मुठी वळायला सांगितल्या. माझ्या मुठीवर चौथ्या बोटाचा उंचवटा नव्हता, तिथे खळगा होता. तुझ्याही तिथेच खळगा होता. "तुम्हालाही हेच आहे," ती म्हणाली आणि पट्टा घेऊन तुझ्याकडे आली. तू पदर दंडावर ओढून घेतलास. "माझं ऱ्हाऊ द्या. पोरीला द्या काय ते." ती चिडली, समजावून थकली, शेवटी मलाच गोळ्या दिल्या.

परतीच्या बसमध्ये मी तुला विचारलं, तू का नाही तपासलंस. तू खिडकीबाहेर बघत होतीस. "उद्या म्हनत्याल दुखनेकरीन हाय, धाडा हिला म्हायेरी," तू म्हणालीस. "थोरलीला कोन धाडील?" मला तेव्हा हे नीटसं समजलं नाही. आता समजतं आणि राग येतो. तुला खरं काय ते समजलं होतं. ते तू माझ्यापुरतं वापरलंस आणि स्वतःसाठी जुनंच ठेवलंस, कारण त्या जुन्यात तुला घरात बसायला घोंगडी मिळत होती. थोरली यायची त्या दिवशी आण्णा तुझ्याकडे बघून बोलायचे. एवढ्यासाठी. एवढंच होतं तुझ्याजवळ, हेही मला समजतं, पण राग येतो तो येतोच. मग बस घाटाला लागल्यावर तू आणखी एक बोललीस. माझ्याकडे न बघता, भांडल्यासारखं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "आदी म्हाईत असतं तर तुला जल्माला घातली नसती." भज्यांचा तेलकट कागद माझ्या हातात होता. तो मी घरापर्यंत तसाच धरून आणला.

त्यानंतर रोज सकाळी तू माझ्या तोंडात गोळी टाकायचीस आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहायचीस. माझा हात पुन्हा वळला नाही. तुझा वळत राहिला.

लावणी चालली होती. चिखलात सगळ्याजणी ओळीने वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद. मी बांधावरून रोपाच्या जुड्या फेकत होते. तू मध्येच उभी राहिलीस. तुझे दोन्ही हात वळले होते, दोन्ही एकदम, असं कधी झालं नव्हतं. मग तुझ्या घशातून आवाज यायला लागला, श्वास आत घेताना, कोंबड्याने मान आवळल्यावर काढावा तसा. तुला बांधावर आणलं. कुणीतरी जीप बघायला पळालं. नानी घराकडे पळाली. मी ओरडत होते की घसा आवळलाय, पौडला न्या, डॉक्टरणीने सांगितलंय. कुणी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं आणि म्हणाले, पोर घाबरलीया. जीप आली तेव्हा नानी बांगड्या घेऊन पोचली होती. "आदी चुडा भरा, मंग न्या," ती म्हणाली, आणि पुरुष माणसं थांबली. दोन्ही हातांना भरायला वेळ लागला. नानी घाईघाईने सरकवत होती, बांगड्या फुटत होत्या. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझे दोन्ही हात नानीसमोर धरलेले होते. ते तू पुढे केले होतेस, की ते आखडून तसे झाले होते, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी दोन्ही प्रकारे खूपदा आठवून बघितलंय. जीप गावाच्या वेशीबाहेर गेली आणि तिथूनच परत फिरली.

पुढे मोठं झाल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, वेळेत पोचली असती तर? शिरेतून कॅल्शियम दिलं असतं तर बहुतेक वाचली असती, असं ते म्हणाले. बहुतेक, हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

आण्णांनी तिसरं लग्न केलं नाही. दर काही महिन्यांनी ते मला पहाटेच्या गाडीने पुण्याला नेत, रांगेत माझ्यामागे उभे राहत, डॉक्टर बोलायला लागले की टोपी काढून हातात धरत. एकदा डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मानेत मसुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात. कॅल्शियम उतरलं की त्या एक हार्मोन सोडतात. ते हाडांना आणि मूत्रपिंडांना निरोप देतं की कॅल्शियम सोडा, कॅल्शियम राखा. माझ्यात ते हार्मोन कमी नाही, उलट भरपूर आहे, पण ज्याने ऐकायचं तेच बहिरं. त्या ग्रंथी हाका मारत राहतात आणि कॅल्शियम उतरत राहतं. घरी येताना आण्णा म्हणाले, "तुजी आय हाका मारायची बांधावरनं, आन मी पान्याच्या इंजिनापाशी असायचो." तेही जाऊन आता खूप वर्षं झाली.

मी शिकले. हळूहळू शिकले, गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्या, पण शिकले. लवळ्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. वरच्या फळीसाठी मला स्टूल लागतं आणि पोरं पहिल्या दिवशी हसतात, मग स्वतःच काढून देतात. नवऱ्याची रिक्षा आहे, कॉलेज ते चांदणी चौक. वरच्या दोन खोल्या कॉलेजच्या मुलींना भाड्याने दिल्यात. सासूबाई बघायला आल्या होत्या तेव्हा मी मुठी वळून दाखवल्या होत्या, गोळ्यांचा डबा समोर ठेवला होता. त्या म्हणाल्या, "गोळ्या खाऊन मानूस नीट ऱ्हातंय ना? मंग आमचा बीपीवाला म्हातारा बी तसाच हाय की." याआधी दोनदा राहिलं आणि पडलं. दोन्ही वेळा त्यांनी मला आडवं पाडून माझ्या केसांना तेल लावलं आणि एका शब्दानेही दुखवलं नाही. अशा बाईला खोटं सांगताना जीभ जड होते.

डॉक्टरीणबाई फार नीट बोलतात. त्यांनी सांगितलं, हे आईकडून आलं की पुरतं येतं. बापाकडून आलं असतं तर पोराची नुसती बोटं आखूड, उंची कमी, कॅल्शियमचं काही नाही. म्हणजे इथेही सगळं आईच्याच माथी, मी म्हटलं, आणि त्या हसल्या, मग हसल्याबद्दल त्यांनाच वाईट वाटलं. बाळाला गोळ्यांनी पुष्कळ सांभाळता येईल. थायरॉइड बघावं लागेल, वजन बघावं लागेल, डोक्याने कदाचित मागे राहील, कदाचित नाही. कातडीखाली हाडाचे खडे होऊ शकतात, माझ्या टाचेत होता तसे. किती, कधी, ते आज कुणी सांगू शकत नाही. "निर्णय तुमचा," त्या म्हणाल्या. नवराही तेच म्हणतो, "तू म्हणशील तसं," आणि रिक्षा पुसायला बाहेर जातो. ठरव म्हणणारे सगळे चांगले लोक आहेत आणि सगळ्यांनी अंग काढून घेतलंय.

म्हणून तुझं ते बसमधलं वाक्य मी पुन्हा काढून बघितलं. इतकी वर्षं मला ते टोचत होतं. मी नको होते तुला, असा त्याचा अर्थ मी धरून बसले होते. आता माझ्या पोटात तेच आहे आणि मला दिसतं की तू ते रागाने म्हणाली नव्हतीस. तुझ्या हाताचं काय होतं ते तुला आतून माहीत होतं आणि ते माझ्या वाट्याला येऊ नये एवढंच तुला वाटत होतं. मला जन्माला न घालून तू मला वाचवलं असतंस. त्यात माया होती, आई. उलट्या बाजूने का होईना, होती. अडाणी बाईने बसच्या खिडकीकडे बघून जेवढं नीट सांगता येईल तेवढं तू सांगितलंस.

माझं तसं नाही. सोमवारी मी ठेवते म्हणून सांगणार आहे. नवरा म्हणेल, धीराची आहेस. डॉक्टरीणबाई माझ्या हातावर हात ठेवतील. सासूबाईंना मी रिपोर्ट चांगला आला म्हणून सांगणार आणि त्या देवीला नारळ फोडायला जाणार. पुढचं पुढे. आजच्या डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे, पोर जन्मलं की पहिल्याच दिवशी रक्त तपासतील, त्याची गोळी चुकणार नाही, माझ्यासमोर चुकणार नाही. सगळे मला धीराची म्हणतील आणि मी म्हणू देणार.

हे कागद घरात ठेवण्यासारखे नाहीत, लिहून झाले की फाडणार आहे. त्याआधी एवढं. रिपोर्टची वाट बघत होते तेव्हा सासूबाई रोज म्हणायच्या, नीट निघू दे. नवरा म्हणायचा, नीट निघेल. मीही त्यांच्यासोबत हात जोडून उभी राहायचे. पण मी ते मागत नव्हते. मी म्हणत होते, माझ्यासारखंच असू दे. तू गेल्यापासून मला माझ्यासारखं कुणी दिसलेलं नाही, ना घरात, ना दवाखान्यांच्या रांगेत. मला एक हवं होतं, आणि मी ते मागितलं.